नॉर्मलताईंचं रक्त

ताईंचं खरं नाव पगाराच्या कागदावर होतं, तेवढंच. हॉस्पिटलच्या तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत त्यांना सगळे नॉर्मलताई म्हणायचे. आणि या नावाने हाक मारली की त्या अशा काही मान वर करायच्या, की बघणाऱ्याला वाटावं, बाईंना आत्ताच कुणीतरी शाल पांघरलीय.

नावाचं कारण असं. ताईंकडे एकच तपासणी होती, पण नाजूक. आपल्या रक्तात जंतूंशी लढणारी फौज असते, हे शाळेतली पोरंही सांगतील. पण ही फौज कधीकधी घरच्यांवरच उलटते. आपलेच दात आणि आपलेच ओठ, सांगायचं कुणाला! तसं कुणाच्या रक्तात चाललंय का, ते ताई बघायच्या. काचपट्टीवर लहान लहान गोल असतात, त्यांत माणसाच्या पेशी चिकटवलेल्या असतात. रोग्याच्या रक्तातलं वरचं पिवळसर पाणी घ्यायचं, पातळ करायचं, एकेक थेंब एकेका गोलात टाकायचा. अर्धा तास थांबायचं, धुवायचं, चमकणारा रंग टाकायचा, परत अर्धा तास, परत धुवायचं. मग काळे पडदे लावलेल्या खोलीत जाऊन सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा. रक्त उलटलेलं असेल तर पेशी हिरव्यागार चमकतात. नसेल तर नुसता काळोख.

पण काळोख म्हणजे नेमका किती काळोख? त्यासाठी प्रत्येक पट्टीवर एक गोल धडधाकट माणसाच्या रक्ताचा लागतो. त्याला म्हणायचं कंट्रोल. कंपनी त्याची बाटली देते, पण ती बोटाच्या पेराएवढी, आठवड्यात खडखडाट. म्हणून एकवीस वर्षांपूर्वी प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉक्टरीणबाईंनी, म्हणजे सगळ्यांच्या मोठ्या बाईंनी, खात्यातल्या झाडून सगळ्यांचं रक्त तपासलं. सगळ्यांत काळाकुट्ट गोल निघाला ताईंचा. तेव्हापासून दर दोन महिन्यांनी रक्त घेणारे सुईवाले मामा ताईंच्या दंडाला पट्टा बांधणार, एक नळी भरून घेणार, आणि त्यातलं पाणी छोट्या छोट्या बाटल्यांत भरून फ्रीजरमध्ये जाणार. शहरभरातल्या रोग्यांचं रक्त ताईंच्या रक्ताशी ताडून बघितलं जायचं. एवढा मान कुणाला मिळतो?

मान मिळाला की माणूस थोडा चढतो. ताई जरा जास्तच चढल्या. घरात कुणी शिंकलं की म्हणायच्या, "मला बघा, कधी काही होतं का?" भावजयीला पित्ताचा त्रास, तर तिला ऐकवायच्या, "मनाचे खेळ असतात गं सगळे." नवऱ्याचं डोकं दुखलं तर त्याच्याकडे अशा बघायच्या, की बिचाऱ्याचं डोकं घाबरून थांबायचं. नवरा वजनकाटे दुरुस्त करायचा, म्हणून आळीत त्यांना काटेकाका म्हणत. ते स्वभावाने थंड. बायको बोलायला लागली की हातातल्या स्क्रूकडे जरा जास्त लक्ष द्यायचे.

तर एका सोमवारी ताईंनी आपल्या रक्ताची नवी बाटली फोडली, पट्टी तयार केली, पडदा ओढून डोळा लावला, आणि बघतात तो काय, कंट्रोलच्या गोलात हिरवट उजेड! फार नाही, फिका, पण होता. ठिपक्याठिपक्यांचा.

ताई काय म्हणाल्या असतील? "अगं बाई, माझं रक्त बिघडलं की काय"? छे! त्या म्हणाल्या, "दिवा बिघडलाय."

दिवा बदलला. उजेड तसाच. मग पाण्याला दोष दिला. धुवायचं पाणी नवं केलं, भांडी घासून काढली. उजेड आहेच. मग कंपनीच्या माणसाला फोन. तो बिचारा टाय लावून धावत आला. ताईंनी त्याला उभ्या उभ्या असं सोलून काढलं, की जाताना तो आपली बॅगच विसरून गेला. नवा रंग आला, नव्या पट्ट्या आल्या. उजेड काही हलेना. शेवटी सुईवाल्या मामांची पाळी.

"मामा, नळी बदलली तुम्ही. माझ्या नावावर दुसऱ्या कुणाचं तरी रक्त आहे हे."

"ताई," मामा शांतपणे म्हणाले, "एकवीस वर्षं झाली. तुमच्या चेहऱ्यापेक्षा तुमची शीर माझ्या जास्त ओळखीची आहे."

त्यांनी पुन्हा रक्त काढून दिलं. पुन्हा तोच उजेड. आता मात्र ताई इरेला पेटल्या. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण त्यांना पाठ होती, पण ती दुसऱ्यांसाठी. त्यांनी ठरवलं, हा रंगच जहाल आहे. मग त्यांनी तो पातळ केला. आणखी पातळ केला. अडीचपट पातळ केल्यावर त्यांचा गोल कसा छान काळाकुट्ट झाला. ताईंनी सुस्कारा सोडला, वहीत नवं प्रमाण लिहिलं आणि जेवणाचा डबा उघडला. मोठ्या बाईंना सांगायचं राहून गेलं. म्हणजे राहून गेलं असं ताई स्वतःला सांगत होत्या.

दोन आठवडे त्या पातळ रंगावर काम चाललं. तेवीस रिपोर्ट गेले.

त्यातला एक एका शिवणकामवालीचा होता. बाई चाळिशीची, घरीच शाळांचे गणवेश शिवायची, जोडीला नणंद. दोन वर्षं हिची बोटं सकाळी आखडायची, दहा वाजेपर्यंत कात्री मिटता यायची नाही. थंड पाण्यात हात घातला की बोटं पांढरीफटक. चार डॉक्टर झाले, सगळ्या तपासण्या ठणठणीत. रक्त द्यायला आली तेव्हा नणंदही सोबत होती, आणि खिडकीपाशीच तोंड वाजवत होती.

"काही नसतं हो हिला. ऑर्डर आली की हात दुखतात. ऑर्डर संपली की सिनेमाला जायला अगदी तयार!"

नणंद पाणी प्यायला गेली तशी शिवणकामवाली खिडकीत वाकली आणि हळूच म्हणाली, "ताई, काहीतरी निघू दे हो. या वेळी काहीच निघालं नाही ना, तर घरी माझ्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही. माझाच माझ्यावर राहिला नाही आता."

ताईंनी मान डोलावली. असं बोलणारे त्यांनी पुष्कळ पाहिले होते.

तिचा गोल बघताना मात्र ताई थबकल्या. हिरवा उजेड होता, अगदी फिका, ठिपक्यांचा. लिहावं का? त्यांच्या मनात आलं, रंग पातळ करायच्या आधी माझं स्वतःचं रक्त याहून जास्त चमकत होतं. आणि मला काय झालंय? काही नाही! मग हिला तरी काय होणार? त्यांनी पेन उचललं आणि लिहून टाकलं, निगेटिव्ह.

रिपोर्ट घ्यायला दोघी आल्या. शिवणकामवालीने कागद वाचला, घडी घातली, परत घडी घातली, बोटांनी नीट घडी होईना म्हणून तळहाताने दाबली. नणंद म्हणाली, "बघ. म्हटलं नव्हतं मी? नाटक पुरे आता, चारशे कॉलर पडल्यात घरी." आणि दोघी गेल्या. ताई खिडकीतून बघत राहिल्या. त्यांना त्या दिवशी डबा गोड लागला नाही. का ते त्यांनी स्वतःला विचारलं नाही.

संध्याकाळी घरी आल्या तर जेवणाच्या टेबलावर किराणावाल्याचा काटा उघडून पडलेला, आणि काटेकाका एकटेच हसत बसलेले.

"काय झालं दात काढायला?" ताई म्हणाल्या.

"अगं, हा दुकानदार तीन महिने काट्याला शिव्या घालतोय. म्हणे काटा खोटं बोलतो. दोनदा स्प्रिंग बदलून घेतली, एकदा पारडं बदललं, नोकराशी भांडला. आज मी म्हटलं, तुझं एक किलोचं माप आण बघू." काकांनी लोखंडी माप उलटं करून दाखवलं. खाली भोक होतं. "यात शिसं भरलेलं असतं, वजन नेमकं करायला. ते गळून पडलंय. काटा बिचारा सोन्यासारखा आहे. मापच हलकं झालंय."

"मग त्याने आधी माप का नाही तपासलं?"

"माप कोण तपासतं? मापाने बाकीच्यांना तपासायचं असतं." काका पुन्हा हसले.

ताई हसल्या नाहीत. त्या खुर्चीवर बसल्या. मग उठल्या, पाणी प्यायल्या, परत बसल्या. काकांनी विचारलं, "बरं वाटत नाहीये का?" तर एकवीस वर्षांत पहिल्यांदा ताई "मला काय होतंय!" असं म्हणाल्या नाहीत.

सकाळी त्या सगळ्यांच्या आधी प्रयोगशाळेत पोचल्या. रंग पूर्वीच्या प्रमाणात केला. एका पट्टीवर चार गोल घेतले. एकात कंपनीच्या बाटलीतला उरलासुरला थेंब, दुसऱ्यात मामांचं रक्त (मामांना फाटकातच गाठून दंड पुढे करायला लावला होता), तिसऱ्यात फ्रीजरच्या तळाशी सापडलेली स्वतःचीच सहा वर्षांपूर्वीची बाटली, आणि चौथ्यात स्वतःचं आत्ताचं. मग पडदा ओढला.

काळोख. काळोख. काळोख. आणि चौथा हिरवा.

ताई तिथेच स्टुलावर बसून राहिल्या. त्यांनी एकेक बोट वाकवून बघितलं. गुडघा दाबून बघितला. बाहेर येऊन औषधाच्या कपाटाच्या काचेत या आजारात गालावर येतो तसा लाल चट्टा आहे का ते बघितलं. खूप भीती वाटली त्यांना. आणि भीतीच्या मागून एक हुशार विचारही आला: आजपासून मामांचं रक्त कंट्रोलला लावलं, रंग गुपचूप पूर्ववत केला, तर कुणाच्या बापाला कळणार नाही. तेवीस कागद गेले ते गेले. हा विचार त्यांनी दोन-चार मिनिटं अगदी जवळ बसवून घेतला. पण त्याच्या शेजारी ती कागदाची घडी येऊन बसली, ती काही उठेना.

मोठ्या बाई आपल्या खोलीत चहा पीत होत्या. हाडकुळ्या, पिकलेल्या, निवृत्तीला सात महिने राहिलेल्या, आणि जिभेला हाड नसलेल्या.

"बाई, मी उलटले," ताई म्हणाल्या.

"चहावर?"

"स्वतःवर. माझं रक्त चमकतंय." आणि ताईंना रडूच कोसळलं.

मोठ्या बाईंनी त्यांना बसवलं. बोटं बघितली, डोळे बघितले, वीस प्रश्न विचारले. केस गळतात? तोंड येतं? सांधे सुजतात? लघवीला काही? सगळ्याला नाही.

"मग रडतेस कशाला?"

"बाई, चमकतंय ना!"

"बरं, ऐक." बाईंनी हातमोज्यांचा रिकामा खोका ओढला आणि त्यावर पेनाने एक वेडंवाकडं धड काढलं. छातीच्या हाडामागे एक टिंब दिलं. "इथे एक ग्रंथी असते, थायमस. लढणाऱ्या पेशींची शाळा म्हण. तिथे प्रत्येक कोवळ्या पेशीला आपल्याच शरीराचे तुकडे दाखवतात. हे कातडीचं, हे यकृताचं, हे आणखी कशाचं. जी पेशी त्यांच्यावर कडकडून तुटून पडते, तिला तिथल्या तिथे मरायला लावतात. शंभरातल्या तीन-चारच पास होऊन बाहेर पडतात."

"अगं बाई! असली कसली शाळा?"

"कडक आहे खरी. पण शाळा कितीही कडक असू दे, चार वात्रट सुटतातच. तुझ्यात सुटलेत, माझ्यात सुटलेत, सुईवाल्या मामांच्यात सुटलेत. रक्तात चमक आणणारं द्रव्य ज्या दुसऱ्या पेशी बनवतात, त्यांचीही निवड होते, आणि त्यांच्यातूनही सुटतात. म्हणून बाहेर पहारा ठेवावा लागतो. काही पेशींचं कामच ते, बाकीच्यांना आवरायचं. आणि हे पहारेकरी कोण, माहितेय? शाळेत ज्यांना आपल्याच शरीराची जरा जास्त ओढ दिसली, त्यांतलेच काही. त्यांना मारायच्या ऐवजी पहाऱ्यावर बसवलं."

ताई रडता रडता म्हणाल्या, "म्हणजे चोराच्याच हाती किल्ल्या!"

"आणि एवढी वर्षं तिजोरी शाबूत आहे. आणखी एक. एखाद्या वात्रट पेशीने आपल्याच कुणाला धरलं, पण आजूबाजूला जखम नाही, जंतू नाही, 'धावा धावा' म्हणून ओरडणारं कुणी नाही, तर ती गप्प पडते. मरत नाही, भांडत नाही. नुसती बसून राहते."

"आमच्या ह्यांच्यासारखी," ताई नाक पुसत म्हणाल्या.

"तशीच. शंभर धडधाकट माणसं पकडून आणलीस तर दहाबारा जणांचं रक्त तुझ्यासारखं फिकं चमकेल. बायकांत जास्त, वय वाढलं की आणखी जास्त. नॉर्मल माणसाच्या आत भांडखोर नसतात, असं तुला कुणी सांगितलं? असतात. आवरलेले असतात, एवढंच. तुला काही होत नाही म्हणजे तुझा पहारा जागा आहे. कधी सांधे धरले, चट्टे आले, तर ये. तोवर घरी जा आणि नवऱ्याशी नीट वाग."

ताईंना इतकं हलकं वाटलं, की क्षणभर त्या उठून चालायलाही लागल्या. दारापर्यंत गेल्या. मग परत फिरल्या.

"बाई, अजून एक आहे. मी रंग पातळ केला होता. माझा गोल काळा दिसावा म्हणून. दोन आठवडे."

मोठ्या बाईंनी कप खाली ठेवला. हसू गेलं. "किती गेले?"

"तेवीस."

"चमकलं म्हणून रडलीस. रडायचं होतं ते यासाठी," बाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही, त्यामुळे ताईंना जास्त लागलं.

रोग्यांचं रक्त महिनाभर फ्रीजरमध्ये ठेवायची पद्धत होती, तेवढं नशीब. त्या दिवशी बाकी सगळं काम बाजूला ठेवून तेवीसच्या तेवीस तपासण्या पुन्हा लागल्या. कंट्रोलच्या गोलात मामांचं रक्त. मामा दर दहा मिनिटांनी पडद्याबाहेरून विचारत होते, "मी काळा आहे ना हो?" तेवीसपैकी बावीस जिथल्या तिथे निघाले. उरलेला एक गोल दिवाळखोर दुकानात चुकून राहिलेल्या दिव्यासारखा एकटाच चमकत होता. ताईंनी ते रक्त दुप्पट पातळ केलं, तरी चमकलं. चौपट केलं, आठपट केलं, तरी चमकलं. मोठ्या बाईंनी स्वतः डोळा लावला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "हा पहारा झोपलाय. फोन कर."

ताईंनी फोन केला नाही. नव्या रिपोर्टवर बाईंची सही घेतली, पर्समध्ये ठेवला आणि पत्ता विचारत विचारत स्वतः गेल्या. वाटेत त्यांनी काय काय बोलायचं त्याची तीनदा उजळणी केली, आणि तिन्ही वेळा त्यात कुठेतरी कंपनीचा रंग येत होता. चौथ्या वेळी त्यांनी तो काढून टाकला.

खोली लहान होती. दोन मशीनं समोरासमोर, मध्ये पांढऱ्या कॉलरींचा ढीग. नणंद मशीन पळवत होती. शिवणकामवाली जमिनीवर बसून दोन्ही हातांनी एक कात्री धरून कापड कापत होती.

"तुमचा रिपोर्ट चुकला होता," ताई दारातूनच म्हणाल्या. आत बोलावण्याची वाटही बघितली नाही. "मी चुकवला. रक्तात आहे तुमच्या. चांगलं ठळक आहे. आजाराचं नाव मोठे डॉक्टर बघून सांगतील, उद्या सकाळी नऊला बोलावलंय. औषधं आहेत त्यावर."

शिवणकामवाली वर बघत राहिली. "म्हणजे... मला आहे?"

"आहे."

"खरंच आहे?"

"खरंच."

आणि ती बाई हसायला लागली. डोळ्यांतून धारा लागल्यात आणि हसतेय. आजार निघाला म्हणून एवढं खूश झालेलं माणूस ताईंनी एकवीस वर्षांत पाहिलं नव्हतं. त्या शिव्या खायच्या तयारीने आल्या होत्या, आता हात कुठे ठेवावेत हेही त्यांना कळेना.

"ताई," ती म्हणाली, "परत एकदा सांगा. तिकडे तोंड करून सांगा. मशीनच्या आवाजात ऐकू गेलं नसेल."

मशीन कधीच थांबलं होतं. तरी ताई नणंदेकडे वळल्या आणि वर्गात धडा म्हणावा तशा मोठ्याने म्हणाल्या, "हिला आजार आहे. हिची बोटं खरंच दुखतात. पहिल्या वेळीच मला ते दिसलं होतं, आणि मला काही होत नाही म्हणून मी हिला काही नाही असं लिहिलं. हिने नाटक केलं नाही. एक दिवससुद्धा नाही."

नणंद गोरीमोरी झाली. सुईतला दोरा ओढून बघितला, सोडला. मग ती एकदम भावजयीवरच खेकसली, "मग आधी बोलायचं नाही का गं, एवढं दुखतं म्हणून!"

शिवणकामवाली आणखीनच हसायला लागली. नणंद उठली, तिच्या हातातली कात्री काढून घेतली आणि कापडाचा ढीग आपल्याकडे ओढला.